सिग्निफिकंट काढून द्या ना!

फोटो स्टुडिओत गेलेला माणूस जसा म्हणतो, "जरा गोरा काढा," तशाच सुरात लोक माझ्या दारात येऊन म्हणतात, "पाटीलबेन, जरा सिग्निफिकंट काढून द्या ना." हातात पेनड्राइव्ह असतो, चेहऱ्यावर पीएच.डी.चा थकवा असतो आणि मागे कुठेतरी मुदत संपत आलेली असते. त्यांची समजूत अशी की निकाल आकड्यांत नसतो, तो पाटीलबेनच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि बाई मनावर घेतील तर तो बाहेर येतो.

मी सुरतेतल्या एका कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. वडील खानदेशातून इथल्या मिलमध्ये कामाला आले, माझा जन्म बमरोलीतला. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, कॉलेजात गुजराती आणि आकड्यांशी इंग्रजी, असा माझा भाषांचा कारभार. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं की आता शांतपणे गवार निवडत बसू. पण संशोधन करणाऱ्यांना, त्यातही मानसशास्त्रवाल्यांना, माझा पत्ता कुणी सांगितला देव जाणे. ते माणसाच्या मनाचा अभ्यास करतात, आणि मनाचं माप काढल्यावर त्या मापाचं काय करायचं हे विचारायला माझ्या जेवणाच्या टेबलाशी येतात. टेबलाच्या एका बाजूला कॉम्प्युटर आणि दुसऱ्या बाजूला अजूनही गवारच असते.

हा धंदा काय आहे, ते आधी सांगून टाकते. त्यासाठी आमच्या मजल्यावरचे रसिकभाई उपयोगी पडतील.

रसिकभाईंचा दावा होता की घरातला फोन वाजला की नुसत्या आवाजावरून ते ओळखतात, सासूचा आहे की दुसऱ्या कुणाचा. मी म्हटलं, बघू या. त्यांच्याकडे फोन वाजला की त्यांनी आधी सांगायचं आणि मग त्यांच्या बायकोने, कोकिळाबेनने, फोन उचलायचा. थोडे दिवस हा खेळ चालला आणि गंमत म्हणजे रसिकभाई फारच वेळा बरोबर निघाले. आता संख्याशास्त्र काय विचारतं? ते म्हणतं: घटकाभर असं धरा की या माणसाला काहीही कळत नाही, तो नुसता अंदाज ठोकतो. तर मग इतके अंदाज बरोबर यावेत, असं निव्वळ योगायोगाने किती वेळा घडेल? शंभरात पाचहून कमी वेळा घडणार असेल, तर आम्ही म्हणतो, नुसता अंदाज हे पटत नाही बुवा. याला म्हणायचं सिग्निफिकंट. ही पाचाची रेषा आकाशातून पडलेली नाही. माणसांनीच ठरवली आणि मग माणसंच तिला घाबरायला लागली.

रसिकभाई या रेषेच्या आरामात आत होते. बिल्डिंगभर सांगत सुटले की आपल्याला सिद्धी आहे आणि पाटीलबेननी ती सिद्ध केली. शेवटी कोकिळाबेननी सांगितलं, "अहो, माझी आई माझी सिरियल संपली की लगेच फोन करते. यांना सिरियल संपल्याचं संगीत ऐकू येतं." म्हणजे योगायोग नव्हता हे खरं, पण सिद्धी होती हे काही खरं नव्हतं. सिग्निफिकंट एवढंच सांगतं की नुसत्या योगायोगावर भागत नाही. का, ते सांगत नाही. आणि रेषेच्या बाहेर राहिलं म्हणजे काहीच नाही, असंही ते म्हणत नाही. इतकं समजलं की माझा अर्धा धंदा समजला. राहिलेला अर्धा म्हणजे माणसं सांभाळणं, आणि तो कठीण.

ज्योत्स्ना माझ्याकडे आली ती तिच्या सासूला घेऊन. गोडादऱ्याची मुलगी, नवागामात दिलेली. नवरा लूमवर. आई, सासू, दोन्ही आत्या, सगळ्याजणी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या. मार्केटमधून साड्यांचं पोटलं येतं, बायका जमिनीवर मांडी घालून दिवसभर गोंद आणि टिकल्या यांच्याशी खेळतात, आणि संध्याकाळी मान वळत नाही. ज्योत्स्ना त्यातून शिकून वर आली आणि मानसशास्त्रात पीएच.डी. करायला लागली. तिचा विषय याच बायकांचा: दुपारच्या कामाला बसण्याआधी पाच मिनिटं संथ श्वास घेतला, तर मनाचा थकवा कमी होतो का?

काम तिने चोख केलं होतं. बायकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. पहिला गट पाच मिनिटं शिकवल्याप्रमाणे श्वास घेणार. दुसरा गट तेवढाच वेळ नुसता बसणार, श्वास हवा तसा घ्या. थकवा मोजायची प्रश्नावली आधी एकदा आणि महिन्याने पुन्हा. मी आकडे मशीनमध्ये घातले. श्वासवाल्या बायकांचा थकवा बसलेल्या बायकांपेक्षा थोडा जास्त उतरला होता, पण फरक पाचाच्या रेषेच्या जरासा बाहेर. उंबरठ्यावर येऊन थांबलेल्या पाहुण्यासारखा.

"नाही निघालं," मी म्हटलं.

ज्योत्स्ना वही मिटायला लागली. सासू मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "इतला वरीस सून शिकी ऱ्हायनी, आन आते म्हनस काहीच निंघनं नही?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नीट दखा ना माय. मशीन बंद करीसन पुन्हा चालू करा."

मी तिच्या समाधानासाठी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच आला. सासूने मशीनकडे असं पाहिलं की आमच्या मिक्सरकडेही मी तसं कधी पाहिलेलं नाही.

ज्योत्स्नाची अडचण खरी होती. एका कॉलेजात कायमची जागा निघणार होती. तोवर पदवी हातात हवी, आणि पदवीसाठी गाइडची सही हवी. तिचे गाइड म्हणजे डॉ. वकील. आडनाव वकील, पेशा मानसशास्त्र, स्वभाव मात्र आडनावाचा. मनाने उदार, विद्यार्थ्याच्या घरी लग्न असलं तर स्वतः वाढायला उभे राहणारे. पण रेषेच्या बाहेरचा निकाल त्यांना घरच्या अपमानासारखा वाटायचा. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"पाटीलबेन, जरा जुओ ने! नवागामच्या काही बायकांनी श्वास नीट घेतलाच नसणार. त्यांना काढून टाका."

"त्यांनी नीट घेतला नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"निकाल आला नाही, त्यावरून."

"मग तरुण आणि वयस्क वेगळ्या करून बघा," ते पुढे म्हणाले. "नाही तर पोरंवाल्या आणि बिनपोरंवाल्या. कुठेतरी निघेलच ने."

कुठेतरी निघेलच, हे अगदी खरं. उत्तरायणाच्या दिवशी सुरतेच्या गच्चीवर दिवसभर उभे राहा, दहा कापलेले पतंग तुमच्या गच्चीवरून वाहत जातील. त्यातला एक पकडायचा आणि ओरडायचं, "हा मी कापला!" असलं हे संशोधन. वीस निरर्थक प्रश्न विचारले, तर त्यातला एखादा नुसत्या योगायोगाने रेषेच्या आत येऊन बसतो. मग बाकीच्या एकोणिसांचं नाव काढायचं नाही आणि त्या एकाची मिरवणूक काढायची.

हे ज्योत्स्नाला शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. म्हटलं, "आज आपण मुद्दाम मूर्ख प्रश्न विचारायचे. जितके मूर्ख, तितके चांगले." पहिल्यांदा ती बिचकली, मग रंगात आली. 'स'वरून नाव असलेल्या बायकांना जास्त फायदा होतो का? नाही. घर वरच्या मजल्यावर असेल तर? नाही. पोटलं लाल साड्यांचं असेल तर? नाही. आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या हसत होतो. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर?"

मी बटण दाबलं. आणि आला! रेषेच्या आत, चांगला आतवर. मोबाइलचा शेवटचा आकडा सम असलेल्या बायकांना संथ श्वासाने घसघशीत फायदा होत होता.

"बघितलंस?" मी म्हटलं. "आता कळलं, सर सांगतात ते का करायचं नाही?"

"कळलं," ती म्हणाली. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि साळसूद चेहऱ्याने घरी गेली.

तो साळसूदपणा मला तेव्हाच ओळखता यायला हवा होता. तिने घरी जाऊन सरांना निरोप पाठवला: "सर, गट क मधे निकाल सिग्निफिकंट आला." बस्स. गट क म्हणजे कोण, ते लिहिलं नाही. सरांनी विचारलं असतं तर ती लगेच सांगणार होती, असं ती आजही शपथेवर सांगते. पण सरांनी विचारलंच नाही. तिच्या प्रश्नावलीत 'भाग क' कुटुंबाच्या माहितीचा होता. सरांनी परस्पर ठरवून टाकलं की गट क म्हणजे एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बायका.

दोन दिवसांनी वकीलसाहेब स्वतः माझ्या दारात हजर. हातात घारीचा डबा. घारी म्हणजे आमच्या सुरतेची तुपात बुडवलेली मिठाई. एक खाल्ली की दुपारचं काम आपोआप रद्द होतं. मागे ज्योत्स्ना उभी, तिला ते कॉलेजातून गाडीत घालून घेऊन आले होते. तिचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं की काहीतरी घडलंय, पण काय ते कळेना.

"पाटीलबेन, मजा पडी गई!" ते खुर्चीत बसत म्हणाले. "गट क! मला पहिल्यापासून वाटत होतं."

"काय वाटत होतं?" मी विचारलं. मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी सिद्धांत मांडला. एकत्र कुटुंबातली बाई सतत माणसांच्या गराड्यात असते. तिला स्वतःचा श्वासही स्वतःचा वाटत नाही. पाच मिनिटं ती श्वासाकडे लक्ष देते तेव्हा तिला आपलं असं काहीतरी सापडतं, म्हणून तिचा थकवा जास्त उतरतो. सुंदर बोलत होते. तोवर ज्योत्स्नाने त्यांच्या पाठीमागून मला हाताने मोबाइल दाखवला होता आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता; तरी क्षणभर मी विसरले की हे सगळं मोबाइलच्या शेवटच्या आकड्यावर उभं आहे.

मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, समजा उलटं निघालं असतं. एकत्र कुटुंबातल्या बायकांना कमी फायदा झाला असता, तर?"

"ते तर साधं आहे," साहेब घारीचा तुकडा मोडत म्हणाले. "एकत्र कुटुंबात आधीच आधार असतो ने! तिथे थकवा वाटला जातो. श्वासाला करायला कामच उरत नाही."

मी घारी खाल्ली. दुसरं काय करणार? दोन्ही बाजूंनी जिंकणारा वकील मी पहिल्यांदाच पाहत होते.

ज्योत्स्नाने मात्र आणखी ताणलं नाही. पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, गट क म्हणजे एकत्र कुटुंब नाही. ज्यांच्या मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा सम आहे, त्या बायका. आम्ही गमतीने बघितलं होतं."

साहेबांचा हात घारीसकट हवेतच राहिला. मग त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मारो तो एकी छे." एकी म्हणजे विषम. म्हणजे श्वास घेऊनही त्यांना फायदा होणार नव्हता.

मला हसू फुटलं. नको होतं फुटायला. साहेब उठले, चपला घातल्या आणि जिना उतरले. घारीचा डबा राहिला.

ज्योत्स्ना धपकन खुर्चीत बसली. "मॅडम, आता सही गेली. आणि ते गाडीतच सांगत होते की बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ बाईंनाही त्यांनी फोनवर गट क बद्दल सांगून टाकलंय. मी कुठे फसवायला निघाले होते? मला वाटलं, ते विचारतील आणि मी सांगेन आणि आम्ही हसू."

"विचारायला हवं होतं त्यांनी," मी म्हटलं. "पण सही त्यांचीच आहे."

त्यानंतर साहेबांनी फोन उचलणं बंद केलं. ज्योत्स्ना विभागात जाऊन बाकावर बसून परत यायची. नवरा म्हणे, पाया पड. सासू म्हणे, कसाले पडशी, तू काय चोरी करी का? मी मध्यस्थी करायचं ठरवलं आणि साहेबांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. चहा पाजला, हवापाण्याचं बोलले, प्रबंधाचं नाव नाही. निघताना मीच म्हटलं, "पोरीला निघालं तसं लिहू द्या, साहेब. रेषेच्या बाहेर तर बाहेर."

"लिहू दे," ते म्हणाले. "पण बाहेरच्या बाईंना मी काय सांगू?"

त्यांचा राग पोरीवर नव्हताच. त्यांना स्वतःच्या तोंडून निघालेलं परत कसं गिळावं ते सुचत नव्हतं. मानसशास्त्राच्या माणसाचीही अडचण शेवटी चारचौघांसारखीच असते.

सही झाली. तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. विभागातली खोली भरलेली, ज्योत्स्नाची सासू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई वयस्कर, आवाज बारीक पण करवतीसारखा. ज्योत्स्नाने सरळ सांगितलं, दोन गटांतला फरक सिग्निफिकंट नाही. बाईंनी चष्मा काढला.

"ते एकत्र कुटुंबाचं काय झालं? डॉ. वकील मला फोनवर फार उत्साहाने सांगत होते. प्रबंधात कुठेच दिसत नाही."

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. आणि वकीलसाहेब उभे राहिले.

"मॅडम, त्याचं असं आहे. विद्यार्थिनी मोहाला बळी पडते का, हे मला बघायचं होतं. मी मुद्दाम तिला खोट्या निकालाचं आमिष दाखवलं. तो निकाल प्रत्यक्षात मोबाइल नंबरच्या शेवटच्या आकड्याचा होता. ती बळी पडली नाही. तुम्हाला फोन केला तो त्या परीक्षेचाच भाग. माफ करा, आधी सांगितलं असतं तर परीक्षा राहिली नसती."

ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तज्ज्ञ बाई पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "वा! असे गाइड हवेत."

ही गोष्ट साहेब आता कार्यशाळांतून सांगतात. दर वेळी तिच्यात त्यांचा धूर्तपणा थोडा वाढतो आणि आमचा उल्लेख थोडा घटतो. मला वाईट वाटत नाही. त्या गोष्टीमुळे विभागातली पोरं आता गट पाडण्याआधी प्रश्न लिहून ठेवतात, आणि हे मला इतकी वर्षं शिकवून जमलं नव्हतं.

तज्ज्ञ बाईंनी शेवटी विचारलं, "मग इतक्या खटाटोपातून हाती काय लागलं?"

ज्योत्स्ना म्हणाली, "मॅडम, दोन्ही गटांचा थकवा महिन्यात कमी झाला. श्वासवाल्यांचा आणि नुसत्या बसलेल्यांचाही. म्हणून दोन्हींत फरक कमी दिसला असेल. या बायकांना दिवसात पाच मिनिटं कुणी हाक मारत नाही, असं घडतच नव्हतं. आम्ही नुसतं बसवलं, तर ते नुसतं राहिलं नाही. पण हे मी सिद्ध केलेलं नाही. थकवा तसाही उतरला असेल. त्यासाठी तिसरा गट लागेल, ज्याला आपण बसवणारच नाही."

माझ्या शेजारी सासूने मान हलवली. "खरं शे," ती मला हळूच म्हणाली. "मी बठेल गटमा व्हती ना. लई बरं वाटे."

पदवी मिळाली. कायमची जागा मात्र दुसऱ्या उमेदवाराला गेली, ज्याच्या प्रबंधात सगळेच निकाल सिग्निफिकंट होते. सगळेच! मी तो प्रबंध पाहिलेला नाही आणि पाहण्याची इच्छाही नाही. ज्योत्स्नाने चार दिवस फोन बंद ठेवला. मला त्या दिवसांत माझ्या टेबलावरून गेलेले कितीतरी प्रामाणिक, रेषेबाहेरचे निकाल आठवत राहिले. कुणी छापले नाहीत, कुणी वाचले नाहीत, कपाटांत पडून आहेत. त्यांच्या शेजारी कुणी तरी तेच काम पुन्हा पहिल्यापासून करत असेल.

ज्योत्स्ना सध्या एका कॉलेजात तासांवर शिकवते आणि तिसऱ्या गटाचं काम तिने स्वतःच हाती घेतलंय. नवागाम आणि गोडादऱ्यातल्या नव्या बायका, नव्या चिठ्ठ्या, तीन गट: श्वास घेणाऱ्या, नुसत्या बसणाऱ्या, आणि रोजच्यासारखं काम सुरू ठेवणाऱ्या. प्रश्न आधीच लिहून माझ्याकडे ठेवला. सगळं नियमाप्रमाणे. माझ्या आयुष्यात इतका देखणा आराखडा मी क्वचित पाहिला.

परवा दुपारी तिचा फोन आला. आवाज रडका की हसरा, मला ओळखता येईना.

"मॅडम, तिसऱ्या गटाच्या बायका भांडायला आल्या. म्हणतात, त्यासले बसाडस आन आम्हाले नही, मंग आम्ही कागद कसाले भरूत?"

"समजाव त्यांना. चिठ्ठीत जे निघालं ते निघालं म्हणावं."

"समजावलं, मॅडम. सगळ्यांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या." ती थांबली. तिच्या मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, आणि मग एकदम तो बंद झाला.

"मग आता काय करतायत?" मी विचारलं.

"बसल्यात," ज्योत्स्ना म्हणाली. "मॅडम, तिसरा गट बी बसी गया."